दोन साक्षीदार

आमच्या मिसिसॉगात जुम्याची नमाज झाली की पार्किंगमध्ये दहा-पंधरा मिनिटे माणसे रेंगाळतात. कोणी गावाकडची खबर सांगतो, कोणी घराच्या हप्त्यांचे रडगाणे गातो, आणि ऑक्टोबर ते जून या महिन्यांत कोणीतरी हॉकीचा विषय हमखास काढतो. हॉकी म्हणजे बर्फावरची. ध्यानचंदांच्या हॉकीला इथे 'फील्ड हॉकी' म्हणून वेगळे ओळखावे लागते. वाद बहुधा एकच असतो : अमका फॉरवर्ड खरोखर चांगला की नुसताच गाजलेला? एक जण गोल मोजून दाखवतो. दुसरा म्हणतो, मोजता काय, त्याला खेळताना बघा.

आम्ही दोघे सख्खे भाऊ या वादात दोन्ही बाजूंना आहोत. थोरला आकड्यांचा. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी टेनिस बॉलच्या सामन्यांत मांडवात बसून वही लिहिणारा तोच असे. धाव बॅटची की पायाची, यावरून दोन गावे हमरीतुमरीवर आली तरी त्याची पेन्सिल डगमगत नसे. धाकटा डोळ्यांचा. तो बस चालवतो. त्यामुळे समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करणार हे त्याला खांद्यावरून कळते, असा त्याचा दावा आहे. थोरल्याला तो दावा मान्य नाही. घरी या विषयावर जे बोलणे होते ते आम्ही इथे एका तोंडाने मांडतो आहोत, इतकेच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बर्फावर एका संघाचे एका वेळी सहा जण असतात : गोली, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड, म्हणजे मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर. फॉरवर्ड पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने पळतो आणि बाकावर परततो. त्याच्या जागी दुसरा उडी मारतो. या पाळीला शिफ्ट म्हणतात. साठ मिनिटांच्या सामन्यात चांगला फॉरवर्ड अठरा-वीस मिनिटे बर्फावर असतो, आणि त्यातलाही बहुतेक वेळ पक दुसऱ्याच कोणाकडे असतो. खरी अडचण इथेच आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूला धनी असतो : टाकणारा कोण, मारणारा कोण, वहीत नाव लिहायला जागा आहे. हॉकीत दहा जणांची झोंबाझोंबी चाललेली, आणि वहीत नाव येते ते गोल करणाऱ्याचे व फार तर त्याआधी पक देणाऱ्या दोघांचे. गोलला एक गुण, पासलाही एक गुण. कोपऱ्यात दोघांना अंगावर घेऊन ज्याने पक सोडवला, किंवा गोलीच्या तोंडासमोर उभे राहून ज्याने त्याची नजर अडवली, त्याच्या नावापुढे काहीच नाही.

यावर उपाय म्हणून अधिक-उणे निघाले. संघाने गोल केला तेव्हा बर्फावर असलेल्या प्रत्येकाला अधिक एक, गोल खाल्ला तर उणे एक. नॅशनल हॉकी लीग हा हिशेब १९६७-६८ पासून ठेवते. कल्पना रास्त, पण गोल मुळातच थोडे. दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सहाच्या आसपास. तुमचा गोली ढिला असेल तर तुमचे उणे वाढते, त्यात तुमचा दोष काय? म्हणून पुढे लोक शॉट मोजू लागले. नेमलेले, चुकलेले, अडवलेले, सगळे प्रयत्न. एक खेळाडू बर्फावर असताना आपल्या बाजूने किती प्रयत्न झाले आणि आपल्यावर किती, एवढे पाहायचे. गोल दहा शॉटमागे एखादा, म्हणजे शॉट गोलांच्या कितीतरी पट, आणि जितके जास्त मोजाल तितका नशिबाचा वाटा कमी. त्यानंतर 'अपेक्षित गोल' आले : शॉट कुठून मारला, त्या जागेवरून एरवी किती गोल होतात, त्यावरून त्या संधीची किंमत.

हे सगळे कोरडे वाटेल. म्हणून एका माणसावर घासून दाखवतो. तो माणूस नाझिम कादरी.

होय, कादरीच. आडनाव वाचून आपल्या वाचकांच्या कपाळावरची आठी मोडली असेल. लेबनॉनहून कॅनडात आलेल्या कुटुंबातला, ओंटारियोतल्या लंडन शहरात १९९० साली जन्मलेला, २००९ च्या निवडीत टोरोंटो मेपल लीफ्सने सातव्या क्रमांकावर घेतलेला सेंटर. लीफ्सचे तिकीट आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. पण त्यांचा दुय्यम संघ मार्लीज शहरातल्याच छोट्या रिंगणात खेळायचा, आणि तिथे स्वस्तात बसता येई. सुरुवातीची वर्षे कादरी तिथे बराच खेळला. २०१२ च्या हिवाळ्याआधी लीग टाळेबंदीत अडकली तेव्हाही तो तिथेच होता. त्याच सुमारास मार्लीजचे प्रशिक्षक डॅलस ईकिन्स त्याच्या अंगावरच्या चरबीवर वर्तमानपत्रवाल्यांसमोर बोलले होते. आमच्या जमातीत त्यावरून बरेच दिवस कढ येत होते. 'आपला' पोरगा म्हणूनच बोलले, असे काहींचे ठाम मत. आम्ही दोघे सर्वांत वरच्या रांगेत बसून त्याला बघत होतो.

वरची रांग ही गरिबाची सोय खरी, पण बघायला तीच उत्तम. टीव्हीचा कॅमेरा पकाच्या मागे धावतो. वरून अख्खे रिंगण एका नजरेत मावते. धाकट्याने तिथे एक नियम केला : एका शिफ्टमध्ये एकच माणूस बघायचा, पक कुठेही जावो. सुरुवातीला फार जड जाते. टाळ्या पडतात, लोक उठून उभे राहतात, आणि तुम्ही मात्र पकापासून लांब उभ्या असलेल्या माणसाकडे बघत बसता. पण आठ-दहा सामन्यांनंतर गोष्टी दिसू लागतात. पास येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो का? स्टिकचे पाते बर्फाला टेकलेले आहे की हवेत? पक गमावल्यावर पहिली दोन पावले कोणत्या दिशेला पडतात? आपला बचावपटू अडचणीत असताना सेंटर खाली येऊन त्याला पाससाठी जागा देतो की निळ्या रेषेवर फुकटच्या संधीची वाट बघतो? शिफ्टच्या शेवटी दमल्यावर घाईघाईत पक पुढे ढकलतो की सुरक्षित जागी ठेवून मग बाकावर जातो? यातले एकही वहीत उतरत नाही.

कादरीत तेव्हा आम्हाला हात दिसले. पक स्टिकला चिकटल्यासारखा. आणि एक खोड दिसली : कठड्याजवळ तो आपले अंग असे वळवून उभा राहायचा की समोरच्याला त्याला पाडल्याशिवाय पक घेताच येऊ नये. पुढे आकड्यांत हीच गोष्ट 'मिळवलेल्या शिक्षा' या रकान्यात उगवली. समोरच्याला दोन मिनिटे बाहेर बसवण्यात तो काही वर्षे लीगमधल्या पहिल्या काहींत होता. रकाना पाहून थोरला खूश. धाकट्याने सांगितले, यात मान झटकून थोडे नाटकही आहे. २०१६ साली लीगने त्या नाटकाबद्दल त्याला दंडही केला. रकाना किती ते सांगत होता, कसे ते सांगत नव्हता.

आता उलट बाजू. २०१५-१६ च्या हंगामात लीफ्स शेवटून पहिले. कादरीने १७ गोल केले. डोळ्यांनी बघणारे म्हणत, हा काही गोल करणारा नव्हे. पोस्टला मारतो, गोलीच्या छातीवर मारतो. धाकटाही तेव्हा वैतागला होता. थोरल्याने वही पुढे सरकवली : शॉट २६०. म्हणजे शंभरात सहा-साडेसहा गोल. त्याच्या आधीच्या वर्षांपेक्षा हे बरेच कमी, आणि एवढे शॉट मारणाऱ्याचे प्रमाण असे पडून राहत नाही. लीफ्सच्या कचेरीतही तोवर आकडे वाचणारी माणसे आली होती. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी अवघ्या २८ वर्षांच्या काइल ड्यूबसला घेतले, तो याच पंथातला. २०१६ च्या एप्रिलमध्ये संघाने कादरीशी सहा वर्षांचा, २ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. पुढच्या हंगामात त्याचे शॉट आधीपेक्षा कमीच होते. गोल झाले ३२. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ३२.

त्या ३२ गोलांच्या वर्षात १ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आहे. एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड, वय १९, नुकताच कर्णधार झालेला, आपल्या घराजवळच्या शहरात खेळायला आलेला. प्रशिक्षक माइक बॅबकॉकने कादरीला त्याच्यामागे लावले. कादरीने दोन गोल केले, त्यातला एक जादा वेळेतला, विजयाचा. वहीत दोन गोल आहेत. पण त्या रात्री टीव्हीसमोर आम्ही जे बघितले ते मॅकडेव्हिडचे वेग घ्यायच्या आतच अडणे. तो मधून निघाला की कादरी आधीच अर्धा वळलेला. त्याला कठड्याकडे ढकलत न्यायचे आणि मधली वाट बंद. धाकटा म्हणाला, "भाई, हे तुझ्या वहीत कुठे लिहिशील?" थोरला म्हणाला, "समोरच्याच्या पानावर. त्याचे शॉट कमी झालेले तिथे दिसतील." हे उत्तर धाकट्याला आजही पटलेले नाही, पण त्यात तथ्य आहे. बचावाची निशाणी बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच पानावर सापडते.

आकडा निःपक्ष असतो, असे मात्र कोणी समजू नये. अंगावर घेतलेल्या धडका किती, पक किती वेळा गमावला, हे मोजणारा माणूसच असतो आणि प्रत्येक रिंगणाचा माणूस वेगळा. एखाद्या शहरात हलका खांदा लागला तरी धडक. दुसऱ्या शहरात माणूस आडवा झाल्याशिवाय नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉटचे अंतर इतर ठिकाणांपेक्षा कमी नोंदले जायचे, हे या विषयातल्या लोकांनी फार पूर्वी दाखवून दिले. आमच्या गावच्या सामन्यांत पाहुण्या संघाचा लेग बाय आणि घरच्या संघाची धाव यांत किती अंतर असायचे, ते थोरला जाणतो. २०२१-२२ पासून लीगने पकात आणि सदऱ्यात यंत्रे बसवून वेग आणि जागा मोजायला घेतली, त्यामुळे माणसाचा हात थोडा बाजूला झाला. पण प्रशिक्षकाने त्या फॉरवर्डला काय करायला सांगितले होते, हे त्या यंत्रालाही ठाऊक नसते.

आणि डोळा? डोळ्याला भारदस्त माणूस आवडतो. मार्टिन सँ लुई पाच फूट आठ इंचांचा, म्हणून कोणत्याच संघाने त्याला निवडीत घेतले नाही. २००४ साली त्याने लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले आणि टॅम्पाला स्टॅनली कपही मिळवून दिला. उलट टोरोंटोने २०१३ च्या जुलैत डेव्हिड क्लार्कसनला सात वर्षांसाठी ३ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर कबूल केले. तो इथलाच पोरगा, अंगाने दणकट, मारामारीला मागे न हटणारा. बघणाऱ्याचे मन भरायचे. त्याने एका हंगामात ३० गोल केले होते, हे खरे. पण त्याच्या आधी तो कधी १७ च्या वर गेला नव्हता, ते वहीत होते. टोरोंटोतल्या पहिल्या वर्षी ६० सामन्यांत ५ गोल. दीड-दोन वर्षांत त्याला कोलंबसला पाठवून दिले.

आमच्या डोळ्याचा प्रश्न आणखी वेगळा. कादरी खेळतो तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या एकाचीही नजर कोरडी राहत नाही. त्याने कोणाला आडवे पाडले की 'सामोरच्यानेच आगळीक केली' असे आधी तोंडातून निघते, मग फेरदर्शन. म्हणूनच त्याच्या बाबतीत आम्हाला वही जास्त लागते. २०१८ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनविरुद्ध तीन सामन्यांची बंदी. २०१९ मध्ये पुन्हा बॉस्टनविरुद्धच, आणि उरलेली फेरी बाहेर. दोन्ही वेळा लीफ्स सातव्या सामन्यात हरले. २०२१ मध्ये कोलोरॅडोकडून खेळताना सेंट लुईच्या जस्टिन फॉकच्या डोक्याला धडक, आठ सामने. फॉरवर्डची किंमत करताना हे सामने वजा घालावे लागतात; ज्या रात्री संघाला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच रात्री तो नाही. २०१९ च्या जुलैत त्याला कोलोरॅडोला पाठवणारा सरव्यवस्थापक तोच ड्यूबस होता. पार्किंगमध्ये तेव्हा ड्यूबसला बरेच काही बोलून झाले. त्याच वर्षी कादरीचे गोल ३२ वरून १६ वर आले होते, तेही लोकांनी ओढून आणले. तो हिशेब मात्र चुकीचा होता. जॉन टवारेस संघात आल्यापासून ऑस्टन मॅथ्यूज आणि टवारेस यांच्या मागे कादरी तिसरा सेंटर झाला होता. वेळ कमी, सोबती दुय्यम. इथे डोळ्याने त्याची बाजू घेतली आणि बरोबर घेतली.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात. २०२१-२२ मध्ये कोलोरॅडोकडून ७१ सामन्यांत ८७ गुण. मे महिन्यात सेंट लुईच्या गोलीशी टक्कर झाली, गोली जायबंदी झाला, आणि कादरीला त्याच्या धर्मावरून, वंशावरून धमक्या आल्या. दोन दिवसांनी त्याच शहरात, त्याच प्रेक्षकांसमोर त्याने तीन गोल केले. नंतर अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली. अडीच आठवड्यांनी अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात परतला आणि जादा वेळेत त्याचा शॉट जाळ्याच्या वरच्या बाजूला असा अडकला की क्षणभर गोल झाल्याचे कोणालाच कळले नाही. वहीत एक गोल. कोलोरॅडोने कप जिंकला. स्टॅनली कप उचलणारा तो पहिला मुसलमान. ऑगस्टमध्ये तो कप घेऊन आपल्या लंडनच्या मशिदीत गेला. त्याच शहरात २०२१ च्या जूनमध्ये फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर गाडी घालून चौघांना मारले होते. त्या मशिदीच्या अंगणात चांदीचा तो कप बघायला जमलेली गर्दी आम्ही टीव्हीवर पाहिली, आणि त्या संध्याकाळी थोरल्याने वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी उघडली. कारण कॅल्गरीने त्याच महिन्यात त्याला सात वर्षांसाठी ४ कोटी ९० लाख डॉलर कबूल केले होते आणि तो ३२ वर्षांचा होत होता. ८७ गुण हा त्याचा खरा भाव होता का? थोरल्याचे म्हणणे : त्याआधी तो कधी ६१ च्या वर गेला नव्हता, आणि प्रतिस्पर्धी एक माणूस कमी असताना तो मॅकिनन, रँटानेन, मकार यांच्याबरोबर उभा असायचा, कॅल्गरीत ते नसतील. धाकट्याचे म्हणणे : गुण उतरतील, पण हात आणि अंग वळवणे उतरणार नाही, ते वेगावर चालत नाही. पहिल्या वर्षी ५६ गुण आले. मग ७५. मग २०२४-२५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ३५ गोल. एका हंगामात त्याने इतके गोल आधी कधीच केले नव्हते. दोघांचेही म्हणणे अर्धे-अर्धे वसूल झाले.

हा सगळा खटाटोप गेल्या वर्षी आमच्या घरात कामाला आला. धाकट्याची मुलगी, वय तेरा, डाव्या बाजूची विंगर. हेल्मेटखालची ओढणी कोणाला दिसत नाही. पाठीवरचे आडनाव दिसते. इथल्या एका मुलींच्या संघाच्या निवड चाचणीत ती तीन दिवस खेळली आणि एका ओळीचे पत्र आले : खेळाची समज कमी. समज म्हणजे काय, कुठे कमी, काही नाही. घरात दोन तट पडले. तिच्या आईचे मत, आडनाव. आजीचे, फोनवरून, मत त्याहून कडक.

आम्ही दोघे तिच्या हाऊस लीगच्या अकरा सामन्यांना जाऊन बसलो. थंडी अशी की थोरल्याची पेन्सिल हातमोज्यातून निसटत होती. त्याने तिच्या प्रत्येक शिफ्टमध्ये एवढेच लिहिले : निळी रेषा पक घेऊन ओलांडली, की पक नुसता पुढे फेकला, की गमावला. धाकट्याला बाप म्हणून बघायला बंदी. त्याला सांगितले, तिचे पाय तेवढे बघ. अकरा सामन्यांनंतर दोन्ही गोष्टी एका पानावर लिहिल्या. रेषेपाशी ती दर तीनपैकी दोनदा पक ताब्यात ठेवून आत जात होती. तिच्या ओळीतल्या बाकीच्या दोघींपेक्षा हे बरेच जास्त. समज नसलेल्या मुलीला हे जमत नाही. घाई करणारी मुलगी पक फेकून मोकळी होते. म्हणजे पत्रातला शब्द टिकत नव्हता. पण पायांच्या रकान्यात दुसरेच काही होते. उभ्या जागेवरून निघताना तिची पहिली तीन पावले जड होती. एकदा वेग आला की ती कोणालाही ऐकत नव्हती, तोवर मात्र समोरची पोहोचलेली असे. तीन दिवसांच्या चाचणीत बघणाऱ्याला ते उशिरा पोहोचणे दिसले असणार, आणि त्याने त्याला समज म्हटले. आडनावही दिसले असेल का? ते आमच्या पानावर मोजायला रकाना नव्हता, म्हणून आम्ही ते लिहिले नाही. पुसलेही नाही.

पान तिच्या हातात दिले. तिने दोनदा वाचले. मग थोरल्याला म्हणाली, "बडे अब्बा, तीन पावलं कशी मोजतात?"

आता रविवारी सकाळी रिंक मोकळे असते तेव्हा ती गोल रेषेवर उभी राहते, आणि धाकटा हात खाली करतो. गोल रेषेपासून जवळच्या वर्तुळाच्या ठिपक्यापर्यंत. थोरल्याने त्यासाठी नवे घड्याळ घेतले आहे, आणि वहीत एक रकाना रिकामा सोडला आहे, धाकट्याला जे दिसेल ते लिहायला. पुढची चाचणी एप्रिलमध्ये आहे.